काळ्या केळ्यांचा केक : मोजू नका, तोला

माझं माहेर जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरचं. तिकडे कापूस, दादर ज्वारी आणि गहू. केळी आम्ही बाजारातून डझनाने आणायचो. लग्न होऊन सावद्याजवळच्या या गावात आले आणि डझन हा शब्दच घरातून गेला. इथे दारातून पाहिलं तरी केळीचे बाग दिसतात, आणि घरात केळ्यांची गोष्ट निघाली की ती क्विंटलातच निघते.

कापणीच्या दिवशी बागेतून घड निघतात, व्यापाऱ्याची माणसं माल बघतात. चांगल्या मालाची रास होते. आखूड, डागी किंवा जरा लवकर पिवळट झालेला माल बाजूला पडतो, त्याला वापसी म्हणतात. वापसीला भाव कमी. त्यातूनही जे कोणी उचलत नाही ते पाटीत भरून घरी येतं आणि ओसरीवर भिंतीला टेकून बसतं. चार दिवस हिरवं, मग पिवळं, मग त्यावर ठिपके, आणि मे महिन्यात तर डोळ्यांदेखत काळं. सगळी एकदम पिकतात याचंही कारण आहे : पिकतं केळं इथिलीन नावाचा वायू सोडतं आणि त्याने शेजारचं केळंही पिकायला लागतं. केळी पिकवायच्या खोलीत, म्हणजे रायपनिंग चेंबरमध्ये, हाच वायू मोजून सोडतात. आमच्या ओसरीवर ते काम एक ठिपकेवालं केळं करतं.

या काळ्या केळ्यांचं शिकरण होतं, गुलगुले होतात, गाईला जातात. तरी उरतात. २०२० च्या एप्रिलमध्ये कोरोनामुळे सगळं बंद होतं तेव्हा भरलेला बाग उभा होता आणि गाड्या येत नव्हत्या. झाडावरच पिवळी पडलेली केळी मी पहिल्यांदा पाहिली. नाना, म्हणजे माझे सासरे, रोज सकाळी बागेत चक्कर मारून यायचे आणि न बोलता ओट्यावर बसायचे. त्या उन्हाळ्यात मी केक शिकले. त्याआधी आमच्याकडे भट्टीवर नेऊन भाजून आणायची ती फक्त नानकटाई. पीठ, तूप, साखर आपलं, भट्टी बेकरीवाल्याची.

पहिला केक बिघडला. पाककृतीत लिहिलं होतं, ६ केळी. मी आमची ६ केळी घातली. वरून सुंदर फुगला, कडा भाजल्या, आणि कापला तर मधोमध ओला गोळा, हलव्यासारखा. दुसऱ्यांदा तासभर जास्त ठेवला, तर कडा करपल्या आणि मधला भाग तसाच. नानांनी ताटातला तुकडा बोटाने दाबून पाहिला आणि एवढंच म्हणाले, "केयं कोनी मोजतं का बाई? केयं तोलाचं असतं." मग आत जाऊन जुना तराजू आणि वजनांची पेटी काढून आणली. त्यात ५० ग्रॅमपर्यंतची वजनं होती. आमचं जी-नाइन, म्हणजे ग्रँड नैन जातीचं केळं, सोललं तरी सव्वाशे ग्रॅमच्या आसपास भरतं. ६ केळ्यांचा गर साडेसातशे ग्रॅम झाला होता आणि पीठ होतं त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढं. ज्याने पाककृती लिहिली त्याच्या गावचं केळं लहान असणार. वेलची केळी घेतली तर एवढ्याच गरासाठी दुपटीहून जास्त लागतील. म्हणून पुढे मी जे प्रमाण देते आहे त्यात केळ्यांची संख्या नाही. सोललेल्या गराचं वजन आहे. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा असेल तर उत्तम, नसेल तर किराणा दुकानात गर डब्यात घालून तोलून आणा, पण तोला.

कोणतं केळं घ्यायचं हे आधी. काळी साल दिसली म्हणजे केळं केकचं झालं, असं नाही. साल काळी होण्याची कारणं निरनिराळी असतात. पिकून काळं झालेलं केळं देठापाशी मऊ असतं, साल कागदासारखी पातळ होते, आतला गर मळकट पिवळा किंवा तपकिरी झाक असलेला, आणि वास मधासारखा. हे हवं. कच्च्या केळ्यात गराच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढा स्टार्च असतो. पिकता पिकता त्याची साखर होते आणि ठिपके पडेपर्यंत स्टार्च जवळजवळ संपतो. म्हणूनच काळ्या केळ्याच्या केकला गूळ कमी लागतो. पिवळंधमक केळं घेतलं तर केक होतो, पण त्यात केळ्याचा वास येत नाही.

फ्रिजमध्ये ठेवून काळं झालेलं केळं मात्र फसवतं. केळं मूळचं उष्ण हवेचं फळ. १३ अंशांखाली ठेवलं की सालीला थंडी बाधते, ती राखाडी-काळी पडते, आणि आत गर तसाच घट्ट, पिठूळ राहतो. पिवळं असताना फ्रिजमध्ये ठेवलेलं केळं काळं दिसतं म्हणून केकला घेऊ नका. पूर्ण पिकू द्या, मग हवं तर फ्रिजमध्ये ठेवा.

वादळात पडलेली केळीही चालत नाहीत. मे-जूनच्या वावधनात बाग आडवा होतो, कोवळे घड मातीत पडतात. ते पाहून जीव तुटतो आणि वाटतं, काहीतरी करून वापरावं. पण जे केळं झाडावर भरलंच नाही त्यात गोडवा येत नाही. ते नुसतं मऊ पडतं. त्याची भाजी करा, जरा भरलेलं असेल तर वेफर करा.

आणि जे खरंच नासलं आहे ते टाका. सालीतून पाणी गळतंय, आंबूस किंवा दारूसारखा वास येतोय, देठाजवळ पांढरी-हिरवी बुरशी दिसतेय, तर त्यात बाजूचा भाग चांगला आहे का हे पाहत बसू नका. आमच्याकडे असलं केळं उकिरड्यावर जातं, गाईलाही देत नाही. गर दाबला जाऊन कुठे तपकिरी ओला डाग पडला असेल तर मात्र तेवढा भाग काढून बाकीचं घेता येतं.

आता साहित्य. हे ८ इंची गोल डब्याचं माप आहे.

काळ्या केळ्यांचा सोललेला गर ३५० ग्रॅम
कणीक २५० ग्रॅम
किसलेला गूळ १२० ग्रॅम
ताजं, फार आंबट नसलेलं दही १२० ग्रॅम
तेल किंवा पातळ केलेलं तूप १०० ग्रॅम
खायचा सोडा १ चहाचा चमचा, सपाट
बेकिंग पावडर अर्धा चहाचा चमचा
मीठ पाव चमचा
वेलदोड्याची पूड अर्धा चमचा
भाजलेले शेंगदाणे, जाडसर कुटलेले, मूठभर

अंडी नाहीत. आमच्याकडे चालत नाहीत, आणि केळ्याच्या केकला त्यांची उणीव भासत नाही, कारण गर स्वतःच पीठ धरून ठेवतो. दही फक्त मऊपणासाठी नाही. सोडा फुगायला आंबटपणा लागतो. थोडा केळ्यात असतो, थोडा गुळात, पण भरवशाचा दह्यात. दही नसेल तर पाऊण वाटी दुधात लिंबाचा रस एक चमचा घालून १० मिनिटं ठेवा.

कणकेबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सगळे मैदा सांगतात. मी लोकवन गहू घरचाच दळून आणते, पोळीसाठी असतो तितका बारीक. कणकेला मैद्यापेक्षा पाणी जास्त लागतं आणि ते शोषायला वेळही जास्त लागतो. केळ्याचा गर ओला असतो, त्यामुळे कणीक इथे मैद्यापेक्षा बरी बसते. एकदा घरात बट्टीचं पीठ होतं, जाडं दळलेलं, थोडा मका घातलेलं. तेच सगळं वापरलं, केक खरखरीत झाला, दाताखाली कण आले. पण नंतर एक युक्ती सापडली : २५० पैकी ५० ग्रॅम बट्टीचं पीठ आधी अर्धा तास दह्यात भिजत घालायचं. मग केकला भाजलेल्या रव्यासारखा एक खमंगपणा येतो. नानांना तो केक सगळ्यात जास्त आवडायचा. मैदाच वापरायचा असेल तर दही २० ग्रॅम कमी करा.

तेलाचं एक. घाणीचं शेंगदाणा तेल मला भरितावर हवंच, पण केकमध्ये त्याचा वास केळ्यावर बसतो. इथे रिफाइंड तेल किंवा तूप घ्या. शेंगदाण्याची चव हवी तर ती वरच्या कुटातून येते.

डबा आणि भट्टी, म्हणजे कढई किंवा ओव्हन, आधी तयार ठेवायची, पीठ नंतर कालवायचं. हा क्रम मोडू नका. सोडा ओल्या पिठात पडला की लगेच काम सुरू करतो, आणि तुम्ही कढई तापायची वाट पाहत राहिलात तर फुगायचं सगळं बळ भांड्यातच संपतं.

डब्याला मी बटर पेपर लावत नाही, केळीचं पान लावते. कोवळं पान घ्या, मधला दांडा काढून टाका, गॅसच्या आचेवरून एकदा इकडून एकदा तिकडून फिरवा. रंग गडद होतो, पान चामड्यासारखं लवचिक होतं, मग फाटत नाही. डब्याला तेल लावून त्यावर पान बसवा, चकचकीत बाजू वर, आणि पानालाही तेलाचं बोट फिरवा. काठाबाहेर आलेला भाग कात्रीने कापा, नाहीतर तो करपून धुराचा वास देतो. भाजताना पानाचा वास केकच्या खालच्या भागात उतरतो. शहरात पान मिळत नसेल तर तेल लावून कणीक भुरभुरा, चालेल.

वीज आमच्याकडे कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून ओव्हन असूनही मी बहुतेक वेळा कढईतच करते. मोठी, जाड बुडाची कढई, तळाशी बोटभर जाडं मीठ किंवा धुऊन वाळवलेली वाळू, त्यावर कुकरमधलं कडं किंवा उलटी वाटी. वर घट्ट बसणारं झाकण, त्यावर वजनाला वरवंटा. मध्यम आचेवर १० मिनिटं तापवायची. हे मीठ पुढच्या वेळी याच कामाला येतं, स्वयंपाकात घालू नका. कुकर वापरायचा तर शिट्टी आणि रबर दोन्ही काढून ठेवा, आणि पाणी अजिबात घालू नका. ओव्हन असेल तर १७० अंशांवर तापवा.

आता गर. हाताने किंवा काट्याने कुस्करा, मिक्सर लावू नका. मिक्सरमध्ये गर पातळ पाण्यासारखा होतो आणि केक दाट, चिकट बसतो. हरभऱ्याएवढे तुकडे राहिले तर राहू द्या, भाजल्यावर ते ओलसर गोड ठिपके होतात. कुस्करलेल्या गरात गूळ घाला आणि १० मिनिटं तसंच ठेवा. गूळ आपोआप विरघळतो, गरम करायची गरज नाही. गुठळ्या राहिल्या तर बोटाने चेपा. मग दही, तेल, मीठ, वेलदोडा घालून एकजीव करा.

कणीक, सोडा आणि बेकिंग पावडर दोनदा चाळा. सोड्याची गुठळी राहिली तर केकमध्ये तिथे तपकिरी ठिपका पडतो आणि त्याला साबणासारखी चव येते. सोडा जास्त पडला तरी तीच चव, आणि केक लालसर काळा होतो. सपाट चमचा म्हणजे सपाटच, सुरीने वरचा भाग सारून टाकलेला.

कोरडं पीठ ओल्यात दोन वेळा विभागून घाला आणि पळीने खालून वर उलटत कालवा. पांढरं पीठ दिसेनासं झालं की हात थांबवायचा. पोळीची कणीक मळायची सवय असलेल्या आपल्याला हे जड जातं, पण जितकं ढवळाल तितका गव्हातला चिकटपणा ताणला जातो आणि केक रबरासारखा होतो. पीठ भज्यांच्या पिठापेक्षा घट्ट आणि इडलीच्या पिठापेक्षा जड, पळीतून एका गोळ्याने पडेल असं हवं. ओघळत असेल तर गर जास्त झाला. दोन चमचे कणीक भुरभुरा, पण त्यापेक्षा जास्त नको.

लगेच डब्यात ओता. डबा दोन तृतीयांशच भरायला हवा. वर शेंगदाण्याचा कूट पसरा, डबा ओट्यावर एकदा हलकेच आपटा, कढईत ठेवा, झाकण लावा. पहिली ५ मिनिटं मध्यम आच, नंतर बारीक. ५० ते ६० मिनिटं लागतात. ओव्हनमध्ये ४५ ते ५५. पहिली ३५ मिनिटं झाकण उघडायचं नाही, कितीही वास सुटला तरी. गार हवा आत गेली की मधला कच्चा भाग खाली बसतो आणि पुन्हा उठत नाही.

झाला की नाही हे बरोबर मधोमध बघायचं, कारण कडा कायम आधी होतात. सुरीचं पातळ टोक खाली तळापर्यंत घाला. ओलं पीठ चिकटलं तर अजून १० मिनिटं. दोन-तीन ओलसर कण चिकटले तर झाला. केळ्याच्या केकची सुरी कधीच अगदी कोरडी निघत नाही, तिची वाट पाहिली तर केक सुकतो. वरचा भाग बोटाने दाबला की परत वर यायला हवा. वरून गडद रंग आला आणि आत कच्चा असेल तर आच जास्त झाली आहे. डब्यावर ताटली झाका आणि आच कमी करा. कढईतल्या केकला वरून ओव्हनसारखा रंग येत नाही, वर फिकट दिसला म्हणून जास्त भाजू नका.

१५ मिनिटं डब्यातच राहू द्या, मग पानासकट बाहेर काढून जाळीवर ठेवा. पान सावकाश सोला. घरातली मुलं गरमच मागतात, पण गरम कापला तर सुरीला चिकटतो आणि काप चिवट लागतात. निदान दोन तास. आणि खरी चव दुसऱ्या दिवशीची. रात्रभरात गूळ आणि केळ्याचा ओलावा सगळीकडे सारखा पसरतो, काप नीट पडतात, केळ्याची चव वर येते.

हाच ओलावा टिकण्याच्या आड येतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. त्या दिवसांत केक बाहेर एक दिवस, फार तर दीड. मग फ्रिजमध्ये, घट्ट डब्यात, ४-५ दिवस. थंडीत बाहेर ३ दिवस राहतो. पूर्ण गार होण्याआधी डब्यात कोंडला तर आत वाफ धरते आणि दुसऱ्याच दिवशी बुरशी दिसते.

एकाच वेळी भरपूर केळी काळी झाली आणि केक करायला वेळ नसेल तर सोलून, ३५० ग्रॅमच्या पिशव्या बांधून फ्रीझरमध्ये ठेवते. दोन-तीन महिने छान राहतात. सालीसकट ठेवू नका, नंतर सोलणं जड जातं. बर्फ सुटल्यावर पिशवीत तपकिरी पाणी येतं. ते टाकायचं नाही, त्यात गोडी असते. पातेल्यात काढून मंद आचेवर निम्मं आटवा, गार करा आणि गरातच घाला. आमच्या फ्रीझरच्या वरच्या कप्प्यात मोजक्या पिशव्या कायम असतात, प्रत्येकीवर वजन आणि तारीख.

हेच प्रमाण पपईला चालतं का, असं नंदुरबारकडची माझी चुलत नणंद विचारते, कारण तिकडे शहाद्याच्या बाजूला पपई भरपूर आणि तीही अशीच एकदम पिकते. चालतं, पण पपईत पाणी फार. ७०० ग्रॅम गर घेऊन जाड बुडाच्या भांड्यात ढवळत ३५० वर आणा, गार करा, मग घाला. पपई केळ्यासारखं पीठ धरून ठेवत नाही, म्हणून कणकेत दोन चमचे बारीक रवा मिसळा आणि वेलदोड्याऐवजी सुंठ घ्या. चिकू सरळ वजनाला वजन चालतो, गूळ मात्र ८० ग्रॅमवर आणा. सीताफळ घालू नका. त्याचा गर तापला की कडवट होतो आणि सगळा केक वाया जातो.

साली गाईपुढे जातात. जिजी, माझ्या सासूबाई, साली सोलताना आधी एक काळं केळं बाजूला काढायला लावतात. "काया सालीचं केयं सर्व्यात गोड, ते घरच्यानं खावं," असं म्हणून ते कोणाला तरी हातात देतात, आणि मगच मला बाकीच्यांचं वजन करू देतात.

लेकासाठी करायचा असेल तेव्हा मी आदल्या दिवशी सकाळी भाजते, संध्याकाळी काप करून केळीच्या पानात आणि मग डब्यात बांधते. रात्रीच्या गाडीने केक सकाळी त्याच्याकडे पुण्याला पोचतो, तोवर बरोबर मुरलेला असतो.